नावाची बाटली

१

भाऊबीज आटोपून पाहुणे पांगले की दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाकांत मानकर आंघोळ करत, जानव्याला बांधलेली किल्ली सोडवत आणि जिन्याखालची खोली उघडत. दिवाळीच्या सुट्टीत कोणत्या जेवणाला कोणती बाटली उघडायची, हे ठरवायचा तो दिवस. त्यात दुसऱ्या कुणी नाक खुपसायचं नाही असा घरचा दंडक होता.

आता तुम्ही म्हणाल, दारूबंदीच्या दिवसांत गिरगावात बाटल्या आल्या कुठून? होत्या हो. कमलाकांतांचे वडील चिंतामणी मानकर एका गोऱ्या सॉलिसिटरच्या हाताखाली चाळीस वर्षं होते. साहेबाची भाषा आणि साहेबाची चव दोन्ही त्यांनी घरी आणली आणि पोर्ट, शेरी, क्लॅरेट, मदिरा बेटावरची मदिरा असा विलायती वाइनचा साठा जिन्याखाली भरून ठेवला. पुढे बंदी आली तेव्हा डॉक्टरांनी कमलाकांतांच्या ठणठणीत छातीत कसलीशी धडधड शोधून काढली, परमिट मिळालं आणि जुन्या बाटल्या वाचल्या. स्वतः कमलाकांतही सॉलिसिटरच्याच ऑफिसात मॅनेजिंग क्लार्क. कागद कसा करायचा ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

खोलीला खिडकी नाही. भर वैशाखातही तिथली लादी पायाला गार लागते. भिंतीला लाकडी घोडे, त्यांवर बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं. प्रत्येकीच्या वरच्या अंगाला चुन्याचा एक फराटा. पोर्टला वर्षानुवर्षं गाळ धरतो आणि तो एकाच बाजूला बसावा लागतो, म्हणून पुसायला काढली तरी फराटा वर ठेवूनच परत ठेवायची. उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करायची, म्हणजे गाळ तळाला जातो. या घरात उभी बाटली म्हणजे उद्या उघडायची बाटली. हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं म्हणा ना.

त्या सकाळी कमलाकांतांनी शनिवारच्या जेवणासाठी तीन निवडल्या. गोड्या मटणाबरोबर क्लॅरेट, शिंगड्यांबरोबर, म्हणजे खिम्याच्या करंज्यांबरोबर, मदिरा आणि शेवटी एक साधं पोर्ट. चौथी निवडायची नव्हतीच, ती एकवीस वर्षांपूर्वीच निवडलेली होती.

घरात मूल जन्मलं की त्याच्या नावाचं एक पोर्ट ठेवायचं, गळ्यात नावाची चिठ्ठी बांधायची, ही थोरल्या मानकरांनी पाडलेली चाल. ती बाटली दोनच प्रसंगी उघडायची. मूल एकवीस वर्षांचं झालं की, नाहीतर ते तिथवर पोचलं नाही तर. कमलाकांतांचा एकुलता एक मुलगा मनमोहन येत्या मंगळवारी एकवीस पुरा करत होता. लॉ कॉलेजात होता, बापापेक्षा वीतभर उंच. त्याची बाटली सोमवारी संध्याकाळी उभी करायची असं कमलाकांतांनी मनात धरलं आणि घोड्यावरून नुसता हात फिरवून ते बाहेर आले. पोरगा हाताशी आला, आता त्याच्याबरोबर बसून एक पेला घ्यायचा, या विचाराने त्यांना खरंच भरून आलं होतं.

२

शनिवारी सकाळी ते तीन बाटल्या बाहेर काढायला गेले. तिन्ही उभ्या होत्या, त्यांनीच शुक्रवारी केल्या होत्या. पण मनमोहनच्या बाटलीकडे नजर गेली आणि ते थबकले. चुन्याचा फराटा वर नव्हता. तो त्यांच्याकडे वळला होता, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होताना माणूस मध्येच थांबावा तसा.

"दगडू!"

दगडू या घरात तीस वर्षं गडी. मूळचा मालवणकडचा, बायको रखमा गेल्यापासून मागच्या पडवीत एकटा राहायचा. तो हात पुसत आला.

"या बाटलीला हात लावलास?"

"मी हात लावूक नाय, सायब. तुमी सांगल्याशिवाय मी खोलयेत पाय तरी ठेवतंय काय?"

खरंच होतं. किल्ली एकच आणि ती जानव्याला. कमलाकांतांनी बायकोला विचारलं. राजलक्ष्मीबाई चकल्यांचा डबा भरत होत्या.

"मला काय करायचीय तुमची बाटली? वास आला तरी डोकं धरतं माझं. उंदीर असेल."

"उंदीर बाटली फिरवतो?"

"मग तुम्हीच फिरवली असेल. काल दोनदा गेला होतात की नाही खोलीत?"

"एकदाच गेलो."

"दोनदा हो! मी डोळ्यांनी बघितलं. सकाळी एकदा आणि दुपारी तुमचा डोळा लागायच्या आधी एकदा. मी हाक मारली तर ओ दिली नाहीत."

दुपारी जेवल्याबरोबर आपण पलंगावर आडवे झालो हे कमलाकांतांना पक्कं आठवत होतं. पण पन्नाशी उलटली की असं व्हायचंच. चष्मा कपाळावर आणि शोध गावभर. त्यांनी बाटली फिरवून फराटा वर केला, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि रात्रीच्या जेवणात मदिरेची तोंडभर तारीफ केली. मनमोहन मात्र जेवता जेवता सगळा वेळ सोमवारच्या संपाविषयी बोलत होता. मुंबई महाराष्ट्राला मिळायलाच हवी, कौन्सिल हॉलवर मोर्चा जाणार, सगळं गिरणगाव उतरणार.

"तू नाही जायचंस," कमलाकांत म्हणाले.

"पपा, एकवीस वर्षांच्या माणसाला असं सांगत नाहीत."

"मंगळवारी होशील एकवीस. सोमवारी अजून वीसच आहेस."

मनमोहन हसला. राजलक्ष्मीबाईही हसल्या. त्या रात्री एवढ्यावरच भागलं.

३

रविवारी सकाळी बाटली उभी होती.

कमलाकांत दारातच थांबले. बाकी सगळ्या आडव्या, आणि मधल्या घोड्याच्या कडेवर ती एकटी उभी. गळ्यात चिठ्ठी. कुलूप त्यांनी आत्ताच स्वतः उघडलं होतं.

उभी बाटली म्हणजे उद्या उघडायची बाटली. उद्या सोमवार होता.

बुद्धी लगेच मदतीला धावली, ती अशा वेळी धावतेच. घोडा झुकला असेल. घोडा झुकला तर बाटली गडगडते, उभी राहत नाही. बरं, आपणच झोपेत उठून केली असेल. हे त्यांना बरं वाटलं. माणूस झोपेत चालतो, बोलतो, आणि मनात वाढदिवस घोळत होताच. त्यांनी बाटली आडवी केली, फराटा वर केला, आणि हात धोतराला पुसताना त्यांना मोरूची आठवण झाली. खरं म्हणजे ती दारात पाय ठेवल्यापासूनच झाली होती, फक्त आत्तापर्यंत तिला त्यांनी आत घेतलं नव्हतं.

मोरेश्वर हा त्यांचा धाकटा भाऊ. वीस वर्षांचा, अंगापिंडाने भरलेला, कधी साधी सर्दी नाही. एका सकाळी कमलाकांत वडिलांबरोबर या खोलीत आले तेव्हा मोरूची बाटली उभी होती, आणि मोरू वर माजघरात पोह्यांवर खोबरं मागत होता. थोरल्या मानकरांनी बाटलीकडे बघितलं आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी मोरू मित्रांबरोबर चौपाटीला पोहायला गेला. संध्याकाळी त्याला चौघांनी उचलून आणलं.

पुढे तेराव्यानंतर ती बाटली उघडली. कमलाकांतांनी वडिलांना कधी विचारलं नाही. बाटली वडिलांनीच उभी केली असणार, वाढदिवसासाठी, अशी त्यांनी सदतीस वर्षं स्वतःची समजूत घातली होती. मोरूचा वाढदिवस तेव्हा पाच महिने लांब होता, हा हिशेब त्यांनी आजवर करायचा टाळला होता. आज तो आपसूक झाला.

ते तडक वर गेले.

"मनू, उद्या तू घराबाहेर पडायचं नाहीस."

"झालं ना काल बोलून?"

"हुकूम म्हण, विनवणी म्हण. पाया पडू तुझ्या?"

"अहो, हे काय भलतंच!" राजलक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

मनमोहनचा चेहरा उतरला. बापाला असा कधी त्याने पाहिला नव्हता. "पपा, हजारो लोक असणार आहेत. मी एकटा घरी बसलो तर उद्यापासून तोंड कुणाला दाखवू? दगडूच्या लवूला काय सांगू? माझे वडील घाबरले म्हणून नाही आलो?"

कमलाकांत त्याला काय सांगणार? बाटली उभी राहिली म्हणून? आपल्याच कानांना ते खुळ्यासारखं वाटलं असतं. ऑफिसात कुणा पक्षकाराने असं काही सांगितलं असतं तर त्यांनीच त्याला पाणी पाजून घरी पाठवलं असतं.

४

जेवणं झाली. राजलक्ष्मीबाई पडल्या. कमलाकांत एक स्टूल घेऊन जिन्याखाली गेले.

बाटली पुन्हा उभी होती.

त्यांनी ती आडवी केली. बत्ती लावली, दार आतून लोटलं आणि समोर स्टुलावर बसले. म्हटलं, बघू या. डोळ्यांदेखत होऊ दे काय व्हायचं ते.

खोलीत आवाज असा नव्हताच. चौपाटीवरच्या सभेला निघालेल्यांच्या घोषणा रस्त्यावरून ऐकू येत, पण त्या भिंतीपलीकडे. इथे फक्त दिव्याची बारीक गुणगुण आणि बुचांचा, लाखेचा जुना वास. पाच मिनिटं गेली. दहा गेली. बाटली जागची हलली नाही. चुन्याचा पांढरा फराटा त्यांच्याकडे पाहत होता आणि ते फराट्याकडे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वेडे आहात मानकर, ते स्वतःला म्हणाले, उद्या ऑफिसात कळलं तर हसून लोळतील. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने काचा पुसायला घेतल्या.

चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचं धूसर दिसे. त्या धूसर उजेडात घोड्यापाशी कुणीतरी वाकलेलं होतं.

हात पाठीमागे बांधून, मान पुढे काढून, दुकानात जिन्नस निवडणारा माणूस वाकतो तसं. घाई नव्हती. मग एक हात पाठीमागून सुटला आणि त्याचं एक बोट चिठ्ठ्यांवरून हळूहळू पुढे सरकत गेलं. वाचत वाचत जावं तसं. आणि एका जागी थांबलं.

कमलाकांतांनी चष्मा चढवला. खोलीत कुणी नव्हतं. बाटली उभी होती.

ओरडायला हवं होतं. पण डोकं विलक्षण स्वच्छ चालत होतं. मॅनेजिंग क्लार्कचं डोकं ते. तीस वर्षं त्यांनी एकच धंदा केला होता, कागदावरचं नाव बघायचं आणि ते कसं बदलता येईल ते बघायचं. ते बोट बाटली बघत नव्हतं. चिठ्ठी वाचत होतं.

त्यांनी मनमोहनची चिठ्ठी सोडली आणि कोटाच्या आतल्या खिशात घातली. मग त्यांना वाटलं, बिननावाची राहिली तर? ते पुन्हा येईल, पुन्हा शोधेल. शेवटी मनूच्याच नावावर येईल. नाव हवं. त्यांनी खिशातलं दिवाळीचं शुभेच्छापत्र काढलं, कोरी बाजू फाडली आणि फाउंटनपेन उघडलं.

आधी त्यांनी स्वतःचंच नाव लिहायचं ठरवलं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. निब कागदावर टेकलं. 'क' लिहिला. बापाने मुलासाठी एवढंही करू नये? पण हात तिथेच थांबला. आपण गेलो तर राजलक्ष्मीचं कसं होईल, मनूची सनद अजून व्हायचीय, घराचे कागद आपल्याशिवाय कुणाला कळतात... कारणं भराभर हजर झाली, आणि सगळी रास्त होती. खाली खरं काय होतं तर भीती. साधी, जिवाची भीती.

त्यांनी तो तुकडा चुरगळून त्याच खिशात कोंबला. दुसरा फाडला.

तेवढ्यात बाहेर पडवीत कुणीतरी मोठ्याने हसलं.

"काय वकील! उद्या येतोस ना, का पपांनी कोंडून घातलं?"

लवू. दगडूचा मुलगा. लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता, बायको सुभद्रेबरोबर चाळीत खोली करून राहायचा आणि रविवारी बापाला भेटायला यायचा. मनमोहनच्याच महिन्यात, याच घराच्या मागच्या पडवीत जन्मलेला. दोघं एकत्र गोट्या खेळत वाढले. त्याच्या नावाची बाटली अर्थातच नव्हती. गड्याच्या पोराच्या नावाने पोर्ट कोण ठेवतो?

"येतोय रे," मनमोहनचा आवाज आला. "तू पुढे राहू नकोस म्हणजे झालं. सुभद्रेला कोण तोंड देणार?"

"ती म्हणते, जा, पण झेंडा घेऊन ये."

दोघं हसले. कमलाकांतांनी ते हसणं ऐकलं. कागदच तो, ते मनाशी म्हणाले. आपण एक वेड पाहिलं, त्यावर हा एक वेडेपणाचा उतारा. याने कुणाचं काय होतंय?

आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'लवू दगडू परब'. चिठ्ठी बांधली, गाठ दोनदा मारली आणि मागे न बघता बाहेर आले. कुलूप घालायचं त्या धांदलीत राहून गेलं.

५

सोमवारी सकाळी दगडू चहा घेऊन आला तो वेगळाच दिसत होता. पेला ठेवला आणि एकाएकी खाली वाकून त्याने कमलाकांतांच्या पायांना हात लावला.

"काय रे? पाडवा तर झाला."

"असांच, सायब." त्याचे डोळे पाणावले होते. "जरा लालबागाक जावन येतंय. लवू घराबाहेर पडायच्या आधी गाठूक व्हयो."

कमलाकांतांनी जा म्हटलं. संपाचा दिवस, रस्त्यावर ट्राम नव्हती, म्हातारा चालत निघाला. थोड्या वेळाने मनमोहनही निघाला. या वेळी कमलाकांतांनी त्याला अडवलं नाही. राजलक्ष्मीबाई चकित झाल्या. आणि खरं सांगायचं तर कमलाकांत स्वतःही. काल पाया पडायला निघालेला माणूस आज सज्ज्यात उभा राहून पोराला हात करत होता. आपल्या पोटात भीती नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

मग दिवस सरकेना. दुपारी गल्लीत कुणी म्हणालं, अश्रुधूर सोडला. मग कुणी म्हणालं, फाउंटनला गोळी चालली. दुकानांच्या फळ्या आधीच बंद होत्या, आता खिडक्याही बंद होऊ लागल्या. राजलक्ष्मीबाई देवापाशी बसल्या त्या उठेनात. कमलाकांत जिन्यावरून खालीवर करत राहिले. प्रत्येक वेळी जिन्याखालच्या दाराशी त्यांची पावलं जड होत. दार ओढून घेतलेलं होतं. त्यांनी ते उघडलं नाही.

दिवेलागणीला मनमोहन आला. सदरा रक्ताने माखलेला. राजलक्ष्मीबाईंनी किंकाळी फोडली.

"माझं नाही," तो म्हणाला. "आई, माझं नाहीये हे."

त्याला खाली बसवलं, पाणी दिलं. दात पेल्यावर वाजत होते.

"आम्ही शेजारी शेजारी होतो. लवू म्हणाला, वकील, तू उन्हात उभा आहेस, चक्कर येईल, इकडे सावलीत ये. मी म्हटलं, राहू दे रे. तर हाताला धरून ओढलं मला आणि माझ्या जागी तो उभा राहिला. जागा बदलली, बस, एवढंच. मी रुमालाने तोंड पुसत होतो." तो थांबला. "सकाळपासून इतका खुशीत होता, पपा. मी विचारलं, काय रे, लॉटरी लागली काय? तर म्हणाला, उद्या तुझ्या वाढदिवसाला येतो तेव्हा सांगतो."

राजलक्ष्मीबाई पोराला कवटाळून रडायला लागल्या. कमलाकांतांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस गरम होते, ओले होते, जिवंत होते. त्यांना आधी काय वाटलं असेल? लवूचं दुःख? नाही हो. आधी आनंद वाटला. नुसता, उघडा आनंद, छाती फुटेल एवढा. दुसरं सगळं त्याच्या मागून आलं आणि मग ते गेलं नाही.

६

मंगळवारी दुपारी दगडू आला. स्मशानातून परस्पर आंघोळ करून आला होता, अंगावर ओलसर पंचा. पडवीत न जाता तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला. तीस वर्षांत त्या पायरीवर तो कधी बसला नव्हता. मनमोहन त्याच्याजवळ जाऊन बसला. कमलाकांत समोर उभे राहिले.

"सायब," दगडू म्हणाला, "ती बाटली उघडूक व्हयी मां आता?"

"कुठली बाटली?"

"लवूची. माका म्हायत हा." त्याने जिन्याखालच्या दाराकडे मान वळवली. "काल सकाळी दार उघडां होतां. ओढून घेवक गेलंय तर एक बाटली उभी. अक्षरां लावून लावून चिठी वाचलंय. आधी वाटलां, चुकलंय. परत वाचलंय. माझी रखमा ह्याच घरात बाळंत झाली, त्याची थोरल्या सायबांनी आठवण ठेवली. एकवीस वर्सां ठेवली, आणि माका कोणी बोलूक नाय!" तो हसायचा प्रयत्न करत होता. "मी धावत जावन लवूक सांगलंय. म्हटलां, अरे झिला, मनूबाबाच्या शेजारी तुझी पण बाटली हा. त्येका खरांच वाटेना. मगे असो हसलो... सायब, असो हसलो तो."

मनमोहनने बापाकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता, कृतज्ञता होती. ती कमलाकांतांना सोसवेना. आता सांगायचं, ते मनाशी म्हणाले. याच घटकेला. ती चिठ्ठी परवा मी लिहिली, माझ्या हाताने, दगडू, तुझ्या पोराचा आवाज ऐकत लिहिली. हवं तर समोर टाकतो, शाई बघ, कागद बघ.

त्यांनी खोलीत जाऊन बाटली आणली आणि दारातल्या उजेडात चिठ्ठी सुलटी करून धरली.

कागद पिवळा होता. कडा झिजलेल्या, दोरा काळवंडलेला. शाई उडून विटकरी झाली होती. 'लवू दगडू परब', खाली साल चौतीस, आणि अक्षर उजवीकडे झुकलेलं, बारीक, टोकदार. त्यांच्या वडिलांचं.

त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला. मनमोहनची चिठ्ठी तिथेच होती. तिच्यापाशी एक चुरगळलेला तुकडाही होता, त्यावर निळ्या शाईत एकच अक्षर, 'क'.

म्हणजे ते त्यांनीच केलं होतं. आणि आता ते कुणालाही, कधीही, दाखवून देता येणार नव्हतं.

"थोरल्या सायबांचांच अक्षर," दगडू चिठ्ठीवर वाकून म्हणाला. "देवमाणूस होतो."

मनमोहनने बूच काढलं. चालीप्रमाणे पहिला पेला घरच्या कर्त्याने घ्यायचा. कमलाकांतांनी घेतला. चव उत्तम होती, इतकं मऊ, इतकं गोड पोर्ट त्यांनी जन्मात चाखलं नव्हतं, आणि ते त्यांनी पेला रिता होईपर्यंत प्यायलं. दगडूने कधी दारूला बोट लावलं नव्हतं. त्याने पेला कपाळाला लावला, एक घोट घेतला, आणि मग तो लहान पोरासारखा रडला.

शेवटी पंच्याने तोंड पुसून दगडू उठला.

"सायब, एक मागणां हा. नाय म्हणू नकात." त्याने हात जोडले. "सुभद्रेक सातवो म्हयनो लागलो. लवूचां मूल तां. त्याच्या नावाची पण एक ठेवशात मां, त्या खोलयेत?"

नाही म्हणायचं होतं. नाही म्हणायला एकच कारण होतं आणि ते सांगता येत नव्हतं. मनमोहन म्हणाला, "ठेवतील ना दगडूकाका, ठेवणारच. हो ना पपा?"

"ठेवीन," कमलाकांत म्हणाले.

दगडूच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा थोडी उभारी आली. तो दाराशी गेला आणि मागे वळला.

"नाव बारशाक सांगान," तो म्हणाला.